नानांनी गाळलेला बुधवार

नाना कर्णिक ज्याच्या शेजारी येऊन बसले त्याची सकाळ वाया गेली असं समजावं. माझी तर वर्षंच्या वर्षं गेली.

ते वारल्याचा फोन त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा, पुण्याहून आला. झोपेतच गेले, शांतपणे, असं म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला की काका, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात बाबांवर कुणीतरी लिहायला पाहिजे, तुम्ही लिहाल का. मी म्हटलं, बाबा रे, तुमच्यात एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांना सांग. तर म्हणाला, ते सगळे त्यांना टाळायचे. हे खरं आहे. टाळायचो मीही. पण माझं घर पहिल्या मजल्यावर आणि त्यांची बैठक बरोबर माझ्या खिडकीखाली, त्यामुळे मला ते जमलं नाही.

अंकाच्या बाईंनी निरोप पाठवला, की प्रेरणादायी लिहा. ते मला येत नाही. जे पाहिलं ते लिहितो. बाईंनी शुद्धलेखन सुधारावं, बाकी हात लावू नये.

आमच्या यिशुनच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलं आहेत. वर बुद्धिबळाचे चौकोन आखलेले आणि भोवती दगडी स्टुलं. त्यातलं एक टेबल खांबाला लागून आहे. मी तुआसच्या जहाजांच्या यार्डातून घरी बसलो तेव्हापासून सकाळचा चहा त्या टेबलावर घ्यायचो, खांबाला पाठ टेकता येते म्हणून. एके दिवशी खाली येऊन बघतो तर माझ्या जागेवर एक गृहस्थ. ज्या उकाड्यात बनियन नकोसं होतं त्यात लांब बाह्यांचा पांढरा सदरा, मनगटाशी गुंडी लावलेली. पायात मोजे आणि वर सँडल. चष्म्याला मागून बुटाची नाडी बांधलेली, कानावर पेन्सिल, आणि समोर विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक. मी येऊन समोर उभा राहिलो तरी माणूस हलेना. मग मी मराठीत स्वतःशीच काहीतरी बोललो. ते इथं छापता येणार नाही. तर त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत."

ही आमची ओळख. शब्द मी मागे घेतले नाहीत आणि जागा त्यांनी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मला विचारलं, शिक्षण किती. मी म्हटलं, चौथी. तर त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं माझी थट्टा चाललीय. "उत्तम," म्हणाले, "असाच माणूस मी कधीपासून शोधतोय." आता मला सांगा, कुणाला राग येणार नाही? मी म्हटलं, चौथी शिकून मी जहाजाचं इंजिन सुटं करतो आणि परत जोडतो, तुम्ही जोडून दाखवा. त्यावर ते फक्त म्हणाले, "नोंद घेतली." हे त्यांचं पालुपद होतं. शिवी द्या, सल्ला द्या, पाऊस येतोय आत चला म्हणा, सगळ्याला उत्तर एकच, नोंद घेतली.

आता ते पुस्तक काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण नाना आणि ते पुस्तक यांत फरक करणं पुढं पुढं मला कठीण झालं. विलायतेच्या पार्लमेंटात डाव्या पक्षाचा एक मेंबर होता. सगळं आयुष्य तिथंच काढलं, मध्ये काही काळ मंत्रीही झाला. रोज रात्री घरी येऊन दिवसभर काय झालं ते डायरीत लिहायचा. म्हातारा होईपर्यंत लिहीत राहिला, इस्पितळातसुद्धा एक दिवस चुकवला नाही. त्याचे एकामागून एक ग्रंथ निघाले. नाना ठाण्याला एका इंजिनियरिंग कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते, तेव्हा त्यांना पहिला ग्रंथ फुटपाथवर जुन्या पुस्तकांत सापडला. तेव्हापासून हा मेंबर त्यांच्या घरातलाच माणूस झाला. नाना विलायतेला कधी गेले नाहीत, त्याला कधी भेटले नाहीत, पण बोलताना नुसतं "मेंबर" म्हणायचे, जसं कुणी आपल्या थोरल्या भावाला नुसतं दादा म्हणतं. मिलिंद त्यांना इकडं घेऊन आला तेव्हा राहिलेले ग्रंथ त्यानंच मागवून दिले. म्हातारा घरात शांत बसेल असं त्याला वाटलं. चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेच्या कामाला होता, हुशार पोरगा, पण बाप त्याला कळला नव्हता.

नाना त्या डायऱ्या मराठीत आणत होते. कुणासाठी, तर कामगारांसाठी. मी म्हटलं, इथं आपल्या लोकांत कामगार कुठला राहिलाय, सगळे गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राचे पट्टे घालून एमआरटीच्या गाडीनं जातात. तर म्हणाले, "चौथी शिकलेल्या कामगाराला कळलं तर भाषांतर खरं. आणि चौथी शिकलेला कामगार या ब्लॉकमध्ये एकच आहे."

मग रोज सकाळी तो कार्यक्रम सुरू झाला. आधी वार आणि तारीख वाचायचे, मोठ्यांदा, कोर्टातल्या शिपायासारखं. मग पान वाचायचे. वाचून झालं की चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "कळलं?" मी म्हणायचो, नाही. मग कानावरची पेन्सिल निघायची, खाडाखोड व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा. कधी मला खरंच कळलेलं नसायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी "प्रतोद" असा शब्द वाचला. मी विचारलं हे काय. म्हणाले, आपल्या पक्षाच्या मेंबरांना हाकून मतदानाला नेणारा माणूस. मी म्हटलं, मग हाकणारा लिहा. अर्धी सकाळ त्यावर वाद. शेवटी हाकणाराच राहिला. आणि कधी मला कळलेलं असायचं, पण त्या चष्म्यावरून बघण्याचा राग यायचा म्हणून मी नाही म्हणायचो. त्यांना तो फरक ओळखता यायचा नाही.

मेंबरबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट होतं आणि मी ते लपवलं नाही. तो कायम हरायचा. पक्षात हरायचा, मतदानात हरायचा, मंत्री झाला तर मंत्रिमंडळात एकटा पडायचा, आणि रात्री घरी येऊन आपण कसे हरलो ते नीट लिहून ठेवायचा. मी नानांना म्हटलं, यार्डात असा फिटर असता तर आठवड्यात घरी पाठवला असता. पंप चालू झाला नाही, पण कसा चालू झाला नाही ते वहीत काय सुंदर लिहिलंय.

नानांनी हात वर केला आणि म्हणाले, "तांडेल, पंप बंद आहे हे मान्य करणारा तो एकटाच होता. बाकीचे म्हणत होते पाणी येतंय."

तांडेल म्हणजे मी. मी तांडेल कधीच नव्हतो. जहाजावर मी इंजिनखोलीत होतो, तांडेल वर डेकवर असतो, हा फरक मी त्यांना शंभरदा सांगितला असेल. तर म्हणे तांडेल हा पुढारी असतो आणि तुम्ही पुढारी व्हायला पाहिजे होतं. शेवटपर्यंत तांडेलच म्हणाले.

आणि ठराव. ठरावानं तर मी कंटाळून गेलो. आम्ही टेबलावर दोघंच, पण कुठलीही गोष्ट ठरावाशिवाय व्हायची नाही. चहा आता घ्यायचा की पान संपल्यावर. पंख्याखालच्या टेबलावर जायचं की इथंच बसायचं. नाना ठराव मांडायचे, हात वर करायचे, "अनुकूल, एक." मी अर्थातच विरोधात. "प्रतिकूल, एक." मग म्हणायचे, समसमान झाली, सबब सभापतींचं निर्णायक मत. सभापती कोण, तर जो खांबाच्या जागेवर बसतो तो. म्हणजे तेच. म्हणजे माझ्या जागेवर बसून, माझ्या पाठीचा खांब घेऊन, हा माणूस रोज मला एक विरुद्ध दोन हरवायचा. मी म्हटलं ही कसली लोकशाही. नोंद घेतली.

हे टेबलापुरतं असतं तर चाललं असतं. पण त्यांना हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, घेऊन जायची सोय नव्हती. तिथं एक चिनी आंटी आहे, माझ्यापेक्षा मोठी असेल, टेबलं पुसते, उरलेले ट्रे उचलते. नानांना वाटलं तिला बसायला खुर्ची मिळाली पाहिजे. वाटायला हरकत नाही. पण त्यांनी मधोमध उभं राहून हात वर केला आणि इंग्रजीत भाषण सुरू केलं. जेवणारे लोक बघायला लागले. आंटीला वाटलं म्हातारा हरवलाय. तिनं त्यांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं आणि इकडच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, यू सिट फर्स्ट, लाह." मला खुणेनं विचारलं, याचं डोकं बरं आहे ना. मी काय सांगणार? पण नाना एवढ्यावर थांबणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते तिचं काम हलकं करायला लागले. आपला ट्रे रॅकवर नेऊन ठेवायचे, माझा ठेवायचे, शेजारच्या टेबलावरचे ठेवायचे. एकदा एका माणसाच्या मी-गोरेंगच्या नूडल्स अजून खाऊन व्हायच्या होत्या, त्याचाही उचलला. तो माणूस आंटीवर ओरडला. मग आंटी नानांवर ओरडली, आणि ती काय बोलली ते चिनीत होतं तरी मला सगळं कळलं. घरी येताना नाना म्हणाले, मेंबरलाही त्याच्या माणसांनी असंच झिडकारलं होतं. मी म्हटलं, मेंबरनं कुणाच्या पुढ्यातलं ताट नव्हतं उचललं.

मंडळातही तेच. सभेत चहा-पोहे आधी आले आणि हिशोब मंजूर व्हायचे राहिले म्हणून पोह्यांवर हरकत घेणारा माणूस त्या पोरांनी पहिल्यांदाच बघितला असेल. पुढच्या वेळी त्यांना सभेचा निरोप उशिरा गेला. अंकाच्या बाई, हे कापू नका.

आता बुधवारकडं येतो.

त्याआधी एक पान सांगायचं राहिलं. एकदा पार्लमेंटात एका विषयावर मतं अगदी बरोबरीत पडली आणि सगळं सभापतीवर आलं, अशी हकिगत मेंबरनं लिहिली होती. तिकडं म्हणे रिवाज आहे. सभापती आपल्या मनासारखं मत देत नाही. बोलणं जितकं उघडं ठेवता येईल तितकं ठेवतो, दार लावून टाकेल असं मत तो देत नाही. एका माणसाच्या मतानं बोलणं बंद पडू नये म्हणून. हे वाचताना नानांनी चष्मा काढून पुसला. मला म्हणाले, बघा, काय माणसं आहेत. मी माझा चहा पीत राहिलो. पण चौथी शिकलेला माणूस विसरत नाही. त्याला लिहून ठेवायची सवय नसते, म्हणून तो ध्यानात ठेवतो.

तोवर मिलिंदचं इथलं काम संपत आल्याची कुणकुण लागली होती. बँकेचा त्याचा विभाग पुण्याला हलत होता. त्याचा इथं राहायचा पास संपला की नानांचाही संपणार. पुण्यात एक छापणारा ओळखीचा होता, त्यानं कबूल केलं होतं की येताना मजकूर पुरा करून आणा. त्यामुळे नाना घाईत होते. मधले मधले दिवस सोडून चाललं असतं, पण त्यांनी तोवर एक ओळ सोडली नव्हती. मेंबरनं पायाला भोवरी झाल्याचं लिहिलं होतं, तर ती भोवरीसुद्धा मराठीत आली होती.

अशात एके सकाळी त्यांनी वाचलं, मंगळवार. मेंबर तेव्हा मंत्री होता. पाहुणे जेवायला, इकडचं तिकडचं. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाची मोठी बैठक आहे, एवढं शेवटी. पान उलटलं आणि वाचलं, गुरुवार. मेंबर आपल्या मतदारसंघातल्या जहाजाच्या यार्डाच्या दारावर गेला. एरवी तिथले कामगार हात मिळवायला धावायचे. त्या दिवशी सगळे आपापले चहाचे मग घेऊन त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले.

"कळलं?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, "बुधवार कुठं गेला?"

म्हणाले, बुधवारी काही नव्हतं. मी म्हटलं, हा माणूस भोवरीचं लिहितो, आणि बुधवारी काही नव्हतं? मोठी बैठक होती ना? आणि त्या माणसांनी पाठ का केली? नाना म्हणाले, ते पान पुस्तकाला महत्त्वाचं नाही, संपादनात असं करावं लागतं. मी सरळ ठराव मांडला. पहिल्यांदाच मांडला. बुधवार वाचावा. अनुकूल एक, मी. नानांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला. प्रतिकूल एक. मग म्हणाले, सभापतींचं मत विरोधात, ठराव फेटाळला.

मी म्हटलं, "नाना, तुमच्या सभापतीनं काय केलं होतं? दार उघडं ठेवायला मत द्यायचं असतं ना?"

त्यांनी पुस्तक मिटलं. कागद गोळा केले. पेन्सिल खाली पडली ती उचलली नाही. जाताना म्हणाले, "तुला काय करायचंय रे बुधवारशी?" मला अहो-जाहो करणारा माणूस, पहिल्यांदाच अरे-तुरेवर आला.

मला काय करायचं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आमच्या यार्डानं शेवटी जुन्या माणसांना एकदम घरी पाठवलं. आमच्या वतीनं कुणीतरी कागदावर सही केली होती. कोण तो, मी बघितला नाही. नुकसानीचं मी बोलत नाही, पोट भरलं माझं. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात होती, की सही करून तो माणूस घरी गेला असेल, तर घरी जाऊन त्यानं काय केलं असेल. जेवला असेल का. बायकोशी काय बोलला असेल. हे कोण सांगणार? सही करणारे लोक तेवढं सांगत नाहीत. आणि इथं एक माणूस होता जो रोज रात्री सगळं लिहायचा, आणि त्याचा नेमका तोच दिवस माझ्यासमोर गाळला गेला.

नाना खाली यायचे बंद झाले. मी टेबलावर जात राहिलो. खांबाची जागा मोकळी होती, पण मी समोरच्याच स्टुलावर बसायचो. भांडण चालू असताना दुसऱ्याच्या जागेवर बसणं मला पटत नाही. जागा माझीच असली तरी. एकदा मिलिंद भेटला, म्हणाला, काका, बाबा नीट जेवत नाहीत, तुमचं काही झालं का. मी म्हटलं, त्यांना विचार. तो म्हणाला, विचारलं, ते म्हणतात विषय समितीकडे आहे. एवढ्यातही समिती.

मी वर गेलो नाही. मी कुणाच्या दारात जाणारा माणूस नाही. हे चूक की बरोबर याचा मला विचार करायचा नाही.

आणि मग एके सकाळी मी खाली आलो तर नाना माझ्या स्टुलावर बसलेले होते. खांबाकडची जागा रिकामी. त्यांनी हात वर केला नाही, नुसता त्या जागेकडं दाखवला. म्हणाले, "आज खुर्ची तुमच्याकडे."

मी बसलो. किती दिवसांनी पाठीला खांब लागला. त्यांनी कागद काढले. वाचायला लागले, बुधवार, आणि तारीख. तो नेहमीचा कोर्टातल्या शिपायाचा आवाज नव्हता.

थोडक्यात सांगतो. त्या बुधवारी मंत्रिमंडळात ते यार्ड बंद करायचं ठरलं. मेंबरच्या स्वतःच्या मतदारसंघातलं. तो बोलला, विरोध केला, एकटा पडला. मग राजीनामा द्यावा की नाही असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं दिला नाही. इतरांबरोबर हो म्हणून बाहेर आला. मला वाटलं, संपलं. पण पुढं अजून होतं. घरी आला. बायकोनं सूप ठेवलं होतं. भूक लागली होती, दोनदा घेतलं. मग अंथरुणावर पडला आणि त्याला गाढ झोप लागली. हे त्यानं सकाळी उठून वर जोडलं होतं, की झोप छान लागली.

नाना थांबले. मला वाटलं ते आता विचारतील, कळलं? पण ते कागदाकडंच बघत होते.

म्हणाले, "आधी मी लिहिलं, रात्रभर तळमळत होता. वाचून पाहिलं, छान वाटलं. मग खोडलं. मग पानच काढून टाकलं."

मी म्हटलं, असं का. मेंबर तुमचा एवढा लाडका, त्याला झोप लागली म्हणून लाज वाटली?

त्यांनी कागद टेबलावर ठेवले. मग सांगितलं. ठाण्याच्या कारखान्यात लांबलेला संप त्यांनी मिटवला होता. करारात सगळे परत घेतले गेले, फक्त फाउंड्रीतली माणसं सोडून. त्याशिवाय मालक तयार नव्हता. बाकीच्यांची घरं वाचवायची म्हणून नानांनी सही केली. पुढं आयुष्यभर त्यांनी त्याची कारणं सांगितली, भाषणांत सांगितली, स्वतःला सांगितली, आणि ती सगळी कारणं खरी होती. पण एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.

"मला झोप लागली होती, तांडेल. पिठलं-भात जेवलो आणि झोपलो. सकाळी फाउंड्रीवाले गेटवर उभे होते, तेव्हा बायकोनं मला हलवून जागं केलं."

वर कुणाच्या तरी खिडकीतून बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी ठिबकत होतं. समोरून लिफ्टमधून पोरं शाळेला निघाली होती. मला त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. दुसरा कुणी बोललाही असता. पण मला जे खरं होतं तेच आलं.

मी म्हटलं, "आमच्यातल्या कुणाला लागली नव्हती."

त्यांनी मान वर केली. माझ्या यार्डाची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली, ती चार वाक्यांत झाली. त्यांनी मध्ये एकदाही हात वर केला नाही. सगळं ऐकून म्हणाले, "नोंद घेतली." पण ते आजवर हजार वेळा म्हणाले होते तसं नव्हतं. पेन्सिल घेतली आणि बुधवारच्या पानाखाली खरंच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग म्हणाले, ठराव. बुधवार पुस्तकात राहावा, सूप आणि झोपेसकट. अनुकूल एक. मी सभापतीच्या जागेवरून हात वर केला. अनुकूल दोन. आमच्या टेबलावर एकमतानं पास झालेला तो एकच ठराव. एवढ्या वर्षांत एकच.

त्यानंतर आम्ही उरलेलं भराभर उरकलं. खांबाची जागा त्यांनी परत घेतली नाही, मी दोनदा म्हटलं तरी. वाद पूर्वीसारखेच व्हायचे. मेंबर म्हातारा झाला, बायको गेली, निवडणूक लढवणं सोडलं, तरी लिहीतच होता, आणि मला त्याचा कंटाळा येतच होता. एकदा मी म्हटलं, आता थांबव म्हणावं याला. नाना म्हणाले, तो कधीच गेला, तांडेल, आता मीच थांबवू शकतो.

जायच्या दिवशी टॅक्सी ब्लॉकखाली पोर्चमध्ये उभी होती. सामानाचं वजन जास्त झालं म्हणून मिलिंदनं इंग्रजी ग्रंथ सगळे मागे ठेवायला लावले. ते नानांनी माझ्या दारात आणून ठेवले. मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही, मी याचं काय करू? म्हणाले, ठेवा. अजून आहेत. एकावर एक ठेवून मी त्यावर पंखा ठेवलाय, उंची बरोबर झालीय.

सून आणि नात मागे बसल्या होत्या. नानांना मिलिंदनं पुढं बसवलं, पट्टा लावून दिला. लांब बाह्यांचा सदरा, मोजे, सँडल, चष्म्याला नाडी. मांडीवर भाषांतराचे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्ही हातांनी धरलेले. मी टेबलावरच बसलो होतो. मी निरोप द्यायला गाडीपर्यंत वगैरे जात नाही. पण टॅक्सी टेबलासमोरूनच वळते.

काच खाली आली. नानांनी हात वर केला. ड्रायव्हरला वाटलं त्याला थांबायला सांगतायत, त्यानं ब्रेक दाबला.

"ठराव," नाना म्हणाले, "पुस्तक पुरं झालं. अनुकूल, एक."

मी हात वर केला. "प्रतिकूल, एक."

मागून नात म्हणाली, "आजोबा, फ्लाइट, लाह." नानांचं लक्ष नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते. खांबाकडं, म्हणजे मी बसलो होतो त्या जागेकडं.

मी म्हटलं, "मतं समसमान. सभापतींचं मत, बोलणं चालू ठेवावं."

ते हसले नाहीत. काहीतरी म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण काय म्हणाले ते मला माहीत आहे. काच वर गेली. टॅक्सी कारपार्कच्या कडेनं वळून हमरस्त्याला लागली तोवर मी बघत होतो, आणि पुढच्या काचेतून त्यांचा हात अजून वरच होता.